अमॅरिलिस: एकदा फुललेला कंद दर हिवाळ्यात पुन्हा कसा फुलवावा

हिवाळ्यात घरात फुलणाऱ्या कंदांमध्ये अमॅरिलिसइतका देखणा आणि तितकाच सोशीक कंद दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे. लंडन असो, टोरांटो असो की न्यू जर्सी, सप्टेंबर-ऑक्टोबरपासून दुकानांत हे कंद दिसायला लागतात. कुणी खोक्यातला आणतं, कुणी सुटा. दोन महिन्यांत हातभर उंच दांडा येतो, त्यावर वीतभर रुंद फुलं उमलतात, घरात येणारं प्रत्येक माणूस थांबून बघतं. मग फुलं सुकतात आणि बऱ्याच घरांत तो कंद कुंडीसकट कचऱ्यात जातो. मला हे मनापासून खटकतं. हा कंद एका हंगामापुरता नसतोच. नीट सांभाळला तर तो वर्षानुवर्षं फुलतो, हळूहळू जाड होतो आणि बाजूला पिल्लंही देतो.

त्यासाठी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी लागते. यंदाचं फूल ही आधीच्या उन्हाळ्यातल्या पानांची कमाई असते. फुलं गेल्यावर उरलेली लांबलचक, पसरट पानं दिसायला फारशी सुंदर नसतात, पण पुढचं फूल तीच घडवतात. हे एकदा लक्षात आलं की बाकीची निगा फार अवघड नाही.

कंदाच्या आत काय चालतं

एखादा कंद मधोमध उभा कापून पाहिला तर सगळा हिशेब डोळ्यांसमोर येतो. आत एकावर एक पापुद्रे असतात. प्रत्येक पापुद्रा म्हणजे एकेका पानाचा तळाकडचा, अन्न साठवणारा भाग. या पापुद्र्यांच्या मधे, ठरावीक अंतर सोडून, फिकट पिवळसर चपट्या कळ्या दबून बसलेल्या दिसतात. बाहेरच्या बाजूची कळी सगळ्यात मोठी, आत जावं तशी लहान लहान, आणि अगदी मध्याजवळची तर नुसता ठिपका. साधारण चार पानांमागे एक कळी असा या झाडाचा नेम आहे. कळी धरल्यापासून ती फुलून बाहेर यायला जवळजवळ वर्ष लागतं, कधी त्याहून थोडं जास्तच.

म्हणजे तुम्ही विकत आणलेल्या कंदात कळ्या आधीच तयार असतात. पहिल्या वर्षीचं फूल हे कंद वाढवणाऱ्या शेतकऱ्याचं श्रेय, दुसऱ्या वर्षापासूनचं तुमचं. यातूनच दुसरी एक गोष्ट निघते. या झाडाला फुलण्यासाठी दिवस लहान आहे की मोठा याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याला पानांच्या दिवसांत ऊन आणि खत लागतं, मग थोडी थंड, कोरडी विश्रांती लागते, आणि त्यानंतर ऊब. मूळ घरच तसं आहे. दुकानात अमॅरिलिस म्हणून मिळणारं हे झाड म्हणजे हिप्पिअस्ट्रम. त्याचे पूर्वज ब्राझील, पेरू, बोलिव्हिया, अर्जेंटिना या भागातले, आणि त्यातल्या अनेकांना ओला आणि कोरडा असे दोन ऋतू ठाऊक. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळच्या प्रेस्कॉट गावात आर्थर जॉन्सन नावाच्या एका घड्याळजीनं १७९९ मध्ये यातल्या दोन जातींचा पहिला संकर केला. लाल पाकळीवर पांढरी रेघ असलेला तो संकर त्याच्याच नावानं आजही लावला जातो. पुढे हॉलंड आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी या कामाचा मोठा व्यवसाय केला.

कंद निवडताना

इथे हात आखडता घेऊ नका. कंदाचा आकार म्हणजे त्याचा घेर, आणि तो सेंटिमीटरमध्ये छापलेला असतो: २४/२६, २८/३०, ३४/३६ असा. घेर जितका मोठा तितकं आत अन्न जास्त आणि कळ्याही जास्त. २४/२६ चा कंद बहुधा एक दांडा देतो, ३० च्या पुढचा दोन, आणि ३४ च्या वरचा कधी कधी तीन. एका दांड्यावर सहसा चार फुलं. त्यामुळे दोन लहान कंद घेण्यापेक्षा एक मोठा घ्यावा.

हातात घेऊन दाबून बघा. कंद टणक आणि वजनदार लागला पाहिजे. बुडाशी किंवा मानेपाशी बोट रुततंय असं वाटलं तर तो सोडा. बाहेरच्या कोरड्या तपकिरी सालीवर थोडी बुरशी असली तर ती पुसून जाते, तिचं काही वाटून घेऊ नका. बुडाला लोंबणारी जाड, पांढरट मुळं असतील तर उत्तमच, ती कापायची नाहीत. खोक्यातल्या कंदाला कधी कधी अंधारातच कोंब फुटलेला असतो आणि तो फिकट, वाकडा झालेला असतो. असा कंद वाया जात नाही, उजेडात आला की हिरवा होतो, पण दांडा थोडा वाकडा राहू शकतो.

कंद कुठून आला हेही विचारून बघा. दक्षिण आफ्रिका किंवा ब्राझीलमधले कंद दक्षिण गोलार्धाच्या ऋतूंप्रमाणे आधी विश्रांती घेऊन आलेले असतात, म्हणून ते लवकर, नाताळच्या आधीच फुलतात. हॉलंडमधले बहुतेक जानेवारीपासून पुढे. घरात सलग फुलं हवी असतील तर दोन्हीकडचा एकेक घ्यावा.

जातींची यादी लांबलचक आहे. पहिल्यांदाच लावणाऱ्याला मी लाल रंगाची रेड लायन किंवा पांढऱ्यावर गुलाबी छटेची ॲपल ब्लॉसम सुचवीन, दोन्ही भरवशाच्या. डान्सिंग क्वीनसारख्या दुहेरी पाकळ्यांच्या जाती सुंदर असतात, पण फुलं जड होतात आणि दांड्याला आधार द्यावाच लागतो. पापिलिओ ही ब्राझीलची जात, फिकट हिरवट पांढऱ्यावर गडद किरमिजी रेघा. माझी सगळ्यात आवडती तीच, पण तिची निगा थोडी वेगळी आहे, ते पुढे सांगते.

मेणात बुडवलेले रंगीत कंदही हल्ली मिळतात. त्यांना माती नको, पाणी नको, टेबलावर ठेवले की साठलेल्या अन्नावर फुलतात. पण बऱ्याचदा ते उभे राहावेत म्हणून बुडाशी तार खुपसलेली असते आणि मुळंही कापलेली असतात. फुलं गेल्यावर मेण सोलून, तार काढून कुंडीत लावून बघायला हरकत नाही. बूड शाबूत असेल तर जगतो, नसेल तर नाही. पुढच्या वर्षांचा विचार असेल तर साधा कंदच घ्या.

एक इशारा इथेच देते. या कंदात लायकोरिन नावाचं विषारी द्रव्य असतं. खाल्लं तर लाळ गळते, उलट्या होतात, पोटात दुखतं. कुत्र्यामांजरांनाही ते बाधतं. आपल्या स्वयंपाकघरात टोपलीत कांदे उघडे असतात आणि सोललेला अमॅरिलिसचा कंद थेट मोठ्या कांद्यासारखा दिसतो. तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा कांदे-बटाट्यांजवळ क्षणभरसुद्धा ठेवू नका, आणि हाताळल्यावर हात धुवा.

लावणी

या झाडाला दाटीवाटी आवडते. कंद आणि कुंडीची कड यांच्यात दोन ते तीन सेंटिमीटर जागा पुरते. घेर ३० सेंटिमीटर असेल तर कंदाची रुंदी साधारण साडेनऊ सेंटिमीटर, म्हणजे १४-१५ सेंटिमीटर तोंडाची कुंडी. मोठी कुंडी घेतली तर जास्तीची माती ओली राहते आणि मुळं कुजतात. खोली मात्र हवी, कारण मुळं जाड आणि लांब असतात. जमल्यास मातीची जड कुंडी घ्या. प्लास्टिकची हलकी कुंडी चार फुलांच्या भारानं कलंडते. तळाला भोक असलंच पाहिजे. बाहेरून शोभेची बिनभोकाची कुंडी घालणार असाल तर पाणी घातल्यावर अर्ध्या तासानं आतली उचलून बघा, तळाशी पाणी साचलं असेल तर ओतून द्या.

माती भुसभुशीत आणि निचऱ्याची हवी. तयार कुंडीमिश्रण दोन भाग आणि पर्लाइट (निचऱ्यासाठी मिसळायचे पांढरे, हलके दाणे) किंवा जाड वाळू एक भाग, एवढं पुरतं. खोक्यासोबत कोकोपीटची दाबलेली वडी येते, ती एका हंगामाला चालते. पण त्यात पोषण जवळजवळ नसतं, म्हणून कंद ठेवायचा असेल तर सुरुवातीलाच चांगल्या मिश्रणात लावा.

कंद लावण्याआधी तासभर कोमट पाण्यात फक्त मुळं बुडतील असा ठेवला तर वाळलेली मुळं नरम होतात आणि पसरवताना मोडत नाहीत. मग कुंडीत तळाशी थोडी माती, त्यावर मुळं पसरून कंद, आणि बाजूनं माती बोटांनी हलकेच दाबत भरत जायची. कंदाचा वरचा निम्मा, निदान एकतृतीयांश भाग मातीच्या वर राहिला पाहिजे. मान पूर्ण उघडी. पूर्ण पुरलेला कंद मानेपासून सडतो, नव्यानं लावणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

लावल्यावर एकदा कोमट पाणी भरपूर घाला, निथळू द्या, आणि मग हात आवरा. कोंब दिसेपर्यंत माती जेमतेम ओलसर राहील इतकंच पाणी. या काळात कंदाला पाण्यापेक्षा ऊब हवी असते, २० ते २४ अंश सेल्सिअस. हीटरच्या थेट वर नको, पण त्याच खोलीतल्या कपाटावर किंवा शेल्फवर ठेवता येतो. कोंब यायला कधी दोन आठवडे लागतात, कधी सहा. मधेच कंद उपटून मुळं आलीत का हे बघायचा मोह टाळा.

कोंब आल्यापासून फुलापर्यंत

मानेतून हिरवं टोक दिसलं की ते पान आहे की कळी, हा पहिला प्रश्न. पानाचं टोक पातळ आणि गोलसर असतं. कळीचं टोक जाडसर, कंदाच्या एका बाजूनं सरकून आलेलं, आणि बारकाईनं बघितलं तर त्यावर दोन आवरणं एकमेकांना चिकटलेली दिसतात. ती आवरणं पुढे फाटतात आणि आतून चार कळ्या सुट्या होतात. आधी पान आलं म्हणून निराश होऊ नका, बऱ्याच जातींत पानं आणि दांडा बरोबरच येतात.

आता कुंडी घरातल्या सगळ्यात उजेडाच्या खिडकीत न्या. डिसेंबरात लंडनचा दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, म्हणून दक्षिणेकडची खिडकी सोडू नका. दांडा उजेडाकडे झुकतो आणि तो वाढतोही इतका झपाट्यानं की सकाळ-संध्याकाळचा फरक दिसतो. त्यामुळे दररोज कुंडी थोडी फिरवायची सवय ठेवा, नाहीतर फुलं खोलीकडे पाठ करून काचेकडे तोंड करतात. उजेड कमी आणि ऊब जास्त असेल तर दांडा उंच, लेचापेचा होतो. तसं दिसलं तर कुंडी थोड्या थंड खोलीत हलवा आणि काठीचा आधार द्या. काठी कुंडीच्या कडेनं घाला, कंदातून नाही.

पाणी आता वाढवायचं. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती बोटाला कोरडी लागली की घालायचं, कडेनं, कंदाच्या मानेत पाणी साचू न देता. लावल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत, कधी दहा, फूल येतं.

पहिली कळी उमलायला लागली की थंड जागा शोधा. १५ ते १८ अंशांत एकेक फूल आठवडाभर टिकतं आणि दोन दांडे असले तर महिनाभर बहर चालतो. हीटरशेजारी तीच फुलं तीन-चार दिवसांत मलूल होतात. रात्री झोपताना कुंडी थंड पॅसेजमध्ये नेऊन ठेवली तरी फरक पडतो. परागकोश फुटून पिवळी पूड सांडायच्या आत चिमट्यानं काढून टाका. फूल जास्त टिकतं, पांढऱ्या पाकळ्यांवर आणि पडद्यावर डागही पडत नाहीत.

दांडा कापून फुलदाणीतही छान टिकतो. तो आतून पोकळ असतो आणि पाण्यात त्याचं टोक फाटून बाहेरच्या बाजूला गुंडाळलं जातं, म्हणून कापलेल्या टोकाभोवती चिकटपट्टी किंवा रबरबँड लावा, पोकळीत एक बारीक काडी सरकवा आणि फुलदाणीत थोडंच पाणी ठेवा.

फुलं गेल्यावर: खरं काम इथून सुरू

सुकलेलं प्रत्येक फूल त्याच्या मागच्या हिरव्या फुगवट्यासकट खुडा. तो फुगवटा म्हणजे बीजकोश, आणि तो वाढू दिला तर कंदाची ताकद बियांत जाते. बियांपासून झाड करायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. काळ्या कागदी बिया पाण्यावर तरंगत ठेवल्या तरी उगवतात, पण पहिलं फूल यायला तीन-चार वर्षं थांबावं लागतं.

दांडा हिरवा असेपर्यंत कापू नका. तोही थोडंफार अन्न तयार करत असतो. पिवळा पडून नरम झाला की कंदापासून तीन सेंटिमीटर वर कापा. कापल्यावर आतून पाणी गळतं, घाबरू नका. पानं मात्र एकही कापायची नाहीत, गाठ मारून बांधायची नाहीत, पुस्तकांच्या कपाटावर अंधारात ठेवायची नाहीत.

फुललेला कंद हातात घेतला तर लगेच कळतं की तो थोडा सैल, हलका झाला आहे. त्यानं साठवलेलं सगळं दांड्याला दिलेलं असतं. आता मे महिन्यापर्यंत त्याला उजेडाची खिडकी, नियमित पाणी आणि फेब्रुवारीअखेरपासून दर दोन आठवड्यांनी पातळ द्रवखत हवं. सुरुवातीला कुठलंही समतोल खत चालेल. उन्हाळा लागला की टोमॅटोसाठी मिळणारं खत द्या, त्यात पोटॅश जास्त असतं आणि कंद भरायला तेच लागतं. सुकी माती असताना खत घालू नका, आधी पाणी, मग खत.

धुक्याचे-हिमाचे दिवस संपले की, म्हणजे इंग्लंडात मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला, कुंडी बाहेर काढा. बाल्कनी असेल तरी उत्तम. घरात वाढलेली पानं थेट उन्हात ठेवली तर दोन दिवसांत पांढरी होऊन भाजतात. पहिला आठवडा-दहा दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन, मग जास्त. बाहेर जागा नसेल तर सगळ्यात उजेडाची खिडकी उघडून तिथेच ठेवा.

या दिवसांत पानं मोजत जा. चार पानांमागे एक कळी हा नेम आठवा. जी कुंडी उन्हाळाभर तीन मरतुकडी पानं घेऊन उभी आहे तिच्याकडून फुलाची अपेक्षा धरू नये, आणि जिच्यात आठ-नऊ रुंद, गर्द पानं आहेत तिथे येत्या वर्षभरात दोन दांड्यांची आशा आहे. ऑगस्टमध्ये कंद बोटांनी चाचपून बघा. टणक आणि लावताना होता तेवढा किंवा जास्त जाड झाला असेल तर तुमचं काम फत्ते. लहानच राहिला असेल तर त्याला यंदा विश्रांती न देता पाणी आणि खत चालू ठेवा, फूल एक वर्ष उशिरा घ्या.

विश्रांती

वेळेचं गणित आपल्या पंचांगात फार सोयीचं बसतं. गणेश चतुर्थीला पाणी आणि खत बंद करा आणि लक्ष्मीपूजनाला पुन्हा सुरू करा. हा काळ एरवी जवळजवळ आठ आठवड्यांचा असतो (अश्विन अधिक आला तरच महिन्याचा फरक), आणि या कंदाला लागतात तेवढेच, आठ ते दहा. दिवाळीत जागा झालेला कंद नाताळ ते संक्रांत या काळात फुलतो. नाताळलाच हवा असेल तर चतुर्थीच्या आधी दोन आठवडे पाणी तोडा.

विश्रांतीला जागा थंड हवी, १० ते १३ अंश, आणि कोरडी. बिनहीटरचं गॅरेज, पोर्च, तळघर, थंड पडवी, काहीही चालेल. पहिलं हिम पडायच्या आत कुंडी आत आलीच पाहिजे, गोठलेला कंद मऊ होऊन सडतो. कंद मातीतून काढायची गरज नाही, कुंडीसकट ठेवा. ही मुळं दरवर्षी नवी येत नाहीत, जुनीच टिकतात, म्हणून त्यांना धक्का न लागलेला बरा. पानं आपोआप पिवळी पडतील, मग कापा. काही कंदांची पानं हट्टानं हिरवी राहतात, ती ओढून तोडू नका. थंडी आणि कोरडेपणा मिळाला की काम होतं, पानं राहिली तरी. फ्रिजमध्ये ठेवायची वेळ आलीच तर सफरचंदांबरोबर नको, पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू आतल्या कळ्या बिघडवतो.

पापिलिओ मात्र सदाहरित आहे. तिला असं कोरडं ठेवायचं नाही. शरदात पाणी निम्म्यावर आणा, खत थांबवा, थंड उजेडात ठेवा, पानं राहू द्या. ती तिच्या वेळेला फुलते.

विश्रांती संपली की वरची चार-पाच सेंटिमीटर माती खरवडून काढा, नवी घाला, एकदा पाणी द्या आणि ऊबेत आणा. पुढचं सगळं पहिल्यासारखं. कुंडी बदलायची ती तीन-चार वर्षांनी, मुळं तळातून बाहेर आल्यावर, आणि तीही याच वेळी. बाजूची पिल्लं मुख्य कंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी झाली आणि त्यांना स्वतःची मुळं आली की हलकेच सोडवून वेगळी लावा. दोन ते चार वर्षांत ती फुलतात. सोडवली नाहीत तरी चालतं, एकाच कुंडीतून सहा-सात दांडे असा देखावा त्यातूनच होतो.

काही बिघडलं तर

नुसती पानं आली, फूल नाही, ही नेहमीची तक्रार. दहातल्या नऊ वेळा कारण मागच्या उन्हाळ्यात असतं: उजेड कमी, खत नाही, किंवा पानं लवकर कापली. आता काही करता येत नाही, या पानांना जपा. कळी बाहेर आली पण वाळून तपकिरी झाली, तर मुळं धरलेली नाहीत किंवा माती कधी ठणठणीत, कधी चिखल अशी झाली.

पानांवर, दांड्यावर लाल डाग दिसले की लोक घाबरतात. हे झाड साधं खरचटलं तरी त्या जागी लाल होतं, तेव्हा प्रत्येक लाल रेघ म्हणजे रोग नाही. पण डाग लांबट, खोलगट असतील, वाढत असतील आणि दांडा त्या जागी वाकत असेल तर ती बुरशी आहे. लागण झालेला भाग कापा, पानांवर पाणी पडू देऊ नका, कुंड्यांमध्ये हवा खेळू द्या, गरज पडली तर बुरशीनाशक वापरा. पानांवर पिवळे-हिरवे पट्टे, चट्टे असे मोझेकचे उमटले तर तो विषाणू, त्यावर उपाय नाही. तो कंद टाका, आणि चाकू अल्कोहोलनं पुसल्याशिवाय दुसऱ्या कंदाला लावू नका.

पिठ्या ढेकूण मानेतल्या पानांच्या बेचक्यात आणि सुक्या सालीखाली लपतो. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून तिथे आत जाऊन पुसावं लागतं, वरवर फवारून तो जात नाही. थंड देशांत आणखी एक शत्रू आहे, नार्सिसस माशी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती कंदाच्या मानेशी अंडी घालते आणि एकटी जाडजूड अळी आत शिरून गाभा खाते. बाहेर ठेवलेला कंद अचानक मऊ पडला तर हेच समजा. मे ते जुलै कुंडीच्या तोंडावर बारीक जाळी ठेवली तर माशी बसत नाही.

महाराष्ट्रात लावायचं असेल तर

आपल्याकडे हे झाड नवं नाही. कोकणातल्या परसात आणि पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या बागांत लाल-केशरी फुलांची ही लिली उन्हाळ्यात फुलते, कुणी मुद्दाम लक्ष दिलं नाही तरी. इथे तिचा क्रम वेगळा: कोरडा हिवाळा ही विश्रांती, मार्च ते मे फुलं, आणि पावसाळा हे पानांचे, कंद भरायचे दिवस. हॉलंडहून आलेले कंद नोव्हेंबरात लावले तर पहिल्या वर्षी डिसेंबर-जानेवारीत फुलतात, कारण थंडी घेऊनच ते आलेले असतात. पुढच्या वर्षी मात्र ते इथल्या ऋतूकडे वळतात. त्यांच्याशी झगडू नका. नोव्हेंबरअखेर पाणी तोडा, फेब्रुवारीत परत सुरू करा, उन्हाळ्यात फूल घ्या.

काळी माती कुंडीत नको, ती पाणी धरून ठेवते. तांबडी माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि जाड वाळू सारख्या प्रमाणात घ्या. पावसाळ्यात कुंडी पागोळीखाली नको, पण उजेडात हवी. एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हापासून आडोसा द्या.

पावसाळ्यात रोज सकाळी पानांची खालची बाजू बघा. काळ्या अंगावर पांढरे आणि केशरी ठिपके असलेल्या अळ्या, ज्या कळलावीवरही येतात, घोळक्यानं येऊन दोन दिवसांत सगळी पानं फस्त करतात आणि मग मानेत शिरतात. सुरुवातीला त्या एकाच पानावर एकत्र असतात. तेव्हाच ते पान कापून साबणाच्या पाण्यात बुडवलं तर फवारणीची वेळ येत नाही.